ओझरचं मिग आमच्या बॉक्सरूममध्ये

नाशिकहून पिंपळगावच्या दिशेने जाणाऱ्या एसटीत कंडक्टर एका स्टॉपला गावाचं नाव घेत नसे. नुसतं ओरडायचा, ‘चला, मिग उतरा, मिग!’ आणि दहा-बारा माणसं डबे, पिशव्या, पोरं सावरत उतरायची. विमानाच्या नावाच्या बसस्टॉपवर मी लहानाची मोठी झाले.

आमचे बाबा हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझरच्या कारखान्यात फिटर. आयटीआय करून १९७५ साली लागले आणि २०१४ला निवृत्त झाले. आम्हा टाउनशिपच्या मुलांना मिगचं काही कौतुक नव्हतं. चाचणीसाठी विमान उठलं की वर्गात बाई खडू हातात धरून थांबायच्या, काचा थरथरायच्या, आवाज द्राक्षबागांवरून लांब गेला की बाई अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करायच्या. एवढंच. बाबा घरी कामाबद्दल बोलत नसत. विचारलंच तर ‘पाइप बसवले’ म्हणायचे.

आता मी इंग्लंडात, वुल्व्हरहॅम्प्टनला राहते. फार्मसिस्ट आहे. गेल्या वर्षी आई गेली आणि या ऑगस्टमध्ये बाबा पहिल्यांदाच जरा लांब मुक्कामाला माझ्याकडे आले. ज्यांचे आईवडील इथे येऊन राहून गेलेत त्यांना पुढचं सांगायला नकोच. पहिले पंधरा दिवस पार्क, गुरुद्वाऱ्यापर्यंत चक्कर, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा याचा हिशोब. मग तेही संपलं आणि बाबा खिडकीशी बसायला लागले.

इथल्या घरांत एक खोली असते, तिला बॉक्सरूम म्हणतात. पलंग टाकला तर दार उघडत नाही आणि दार उघडलं तर पलंग मावत नाही. आमच्या बॉक्सरूमवर पंधरा वर्षांच्या ईशानचा ताबा आहे. टेबलावर कॉम्प्युटर, डावीकडे थ्रॉटल, समोर जॉयस्टिक, पायाखाली पेडल्स. त्याला डीसीएस वर्ल्डचं वेड आहे. हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर. मूळ प्रोग्राम फुकट मिळतो, सोबत दोन विमानं आणि जॉर्जिया-काळ्या समुद्राकडचा नकाशा. बाकीची विमानं एकेक करून विकत घ्यायची, त्यांना मॉड्यूल म्हणतात. थोडक्यात, ताट फुकट, भाजीचे पैसे वेगळे. या उन्हाळ्याच्या सेलमध्ये त्याने स्वतःच्या पैशांनी एक जुनं मॉड्यूल घेतलं: मिग-२१ बिस.

आजोबांमुळे घेतलं असं वाटत असेल, तर तसं काही नाही. आजोबा ‘एअरक्राफ्ट फॅक्टरीत’ होते एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि त्याला जबाबदार मी. त्याने ते घेतलं कारण हे विमान उतरवायला सगळ्यात अवघड, अशी त्याची ख्याती त्याने ऐकली होती.

एका संध्याकाळी बाबा त्याला जेवायला बोलवायला वर गेले आणि खाली आलेच नाहीत. मी गेले तर ते दारात उभे. स्क्रीनवर तो निळसर हिरव्या रंगाचा डॅशबोर्ड.

‘हा रंग कुठून आणला याने?’ एवढंच म्हणाले.

मग पुढे वाकले. ईशानने सगळी नावं रशियनमध्ये ठेवली होती, ऑथेंटिक म्हणून. बाबा ती अक्षरं वाचायला लागले. आयुष्यात मी त्यांना रशियन वाचताना पाहिलं नव्हतं. ‘आपल्याकडे हे इंग्रजीत असायचं. पण ड्रॉइंगं आधी यांचीच आलेली, त्यामुळे थोडं थोडं येतं,’ म्हणाले. आणि उजवीकडच्या खटक्यांकडे बोट करून ईशानला सांगायला लागले, ‘आधी बॅटरी. मग ते दोन इन्व्हर्टर. इंधनाचे पंप तीन आहेत, तिन्ही लाव. एक विसरलास तर वर गेल्यावर कळेल.’

ईशान माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवशी जेवण साडेनऊला झालं.

हे मॉड्यूल लेदरनेक सिम्युलेशन्स नावाच्या छोट्या गटाने सप्टेंबर २०१४मध्ये बाजारात आणलं. हल्ली ते मॅग्निट्यूड थ्री या नावाखाली सांभाळलं जातं. म्हणजे बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी हे विमान कॉम्प्युटरवर रुजू झालं. अकरा वर्षं म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबात म्हातारपणच. तरी लोक ते सोडत नाहीत, आणि का सोडत नाहीत ते मला बाबांशेजारी स्टुलावर बसून कळलं. बनवणाऱ्यांनी या विमानाच्या अडचणी गुळगुळीत केलेल्या नाहीत. एकही खटका नुसता शोभेचा नाही.

काचेचं झाकणच घ्या. ते बंद करायचं, मग कुलूप लावायचं, मग कडेच्या रबरी नळीत हवा भरून सील करायचं. तीन वेगळी कामं. पुढचं चाक पायांनी वळवता येत नाही, ते ट्रॉलीच्या चाकासारखं मोकळं फिरतं. वळायचं तर स्टिकवरची, सायकलच्या ब्रेकसारखी दांडी दाबायची आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं पेडल. ब्रेक हवेवर चालतो, त्यामुळे दाबला की फुस्स होतो, आणि उगाच दाबत राहिलं तर बाटलीतली हवा संपते. समोर जाड काच, त्यात बंदुकीच्या नेमाचं यंत्र, म्हणजे ज्या दिशेने जायचं तिथलंच नीट दिसत नाही.

आणि इंधनाचा काटा! ईशान दोन महिने त्याला टाकीतलं इंधन दाखवणारा काटा समजत होता.

‘तो टाकीत बघत नाही रे,’ बाबा म्हणाले. ‘तो फक्त वजाबाकी करतो. उडण्याआधी आपण हाताने सांगायचं, एवढं भरलंय. मग इंजिन पिईल तसतसा तो कमी करत जातो. तू सुरुवातीला खोटं सांगितलंस तर तो शेवटपर्यंत खोटंच बोलणार.’

मॉड्यूलमध्येही त्या काट्याला बटण आहे, फिरवून लावायचं. बाबांनी ते बघितलं आणि पहिल्यांदा हसले. ‘हेपण केलंय यांनी.’

मग विषय निघाला की ते सांगत सुटायचे. १९६३मध्ये पहिली मिग चंडीगडला आली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, त्याच काळात ओझरचा कारखाना उभा राहिला. इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, सांगाडा आणि जोडणी ओझरला. आधी टाइप ७७ म्हणजे एफएल, मग एम, मग हे बिस, १९८७पर्यंत. तिन्ही प्रकार मिळून शेकडो विमानं ओझरच्या दारातून बाहेर पडली. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनी रॉकेट्स सोडली, ती टाइप ७७च. ‘ती माझ्या आधीची,’ बाबा प्रामाणिकपणे सांगायचे. ‘आम्ही बिसवाले.’

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग एका शनिवारी ईशानने आजोबांसमोर विमान पाडलं.

तो उतरत होता. मिग-२१ धावपट्टीच्या टोकावर येतं तेव्हाही वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे असतो. आपल्याला वाटतं, फारच जोरात चाललंय. ईशानलाही वाटलं, त्याने थ्रॉटल मागे ओढला आणि विमान हातातून निसटलेल्या थाळीसारखं खाली आदळलं. आगीचा गोळा. ईशान हसला, एक बटण दाबलं, दोन सेकंदांत तेच विमान पुन्हा आकाशात, कोरं करकरीत.

बाबा उठले आणि खाली निघून गेले.

ईशानला कळेना. मला थोडं कळलं. टाउनशिपमध्ये ‘मिग पडलं’ अशी बातमी यायची तेव्हा बाहेरची माणसं विचारायची, कुठे पडलं. आमच्या कॉलनीतला पहिला प्रश्न असायचा, नंबर कितीचं? शेपटावरचा नंबर. कारण प्रत्येक विमानाच्या कागदांवर ओझरच्या कोणाकोणाच्या सह्या असायच्या. मी सात-आठ वर्षांची असताना एका रात्री बाबा जेवता जेवता उठून सायकल काढून मित्राकडे गेले होते, नुसता नंबर विचारायला. आईने ताट झाकून ठेवलं होतं. ते परत आले, म्हणाले ‘आपलं नाही,’ आणि तरीही जेवले नाहीत.

मिगचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. २०१२मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की, घेतलेल्या ८७२ मिगपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हे नुसत्या मिग-२१चे नाहीत, सगळ्या मिगचे आकडे, पण मोठा वाटा हिचाच. पेपरांनी नाव पाडलं, उडती शवपेटी. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१मध्ये सुरतगडला मिग-२१च्या अपघातात गेले, आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर कित्येक वर्षं वैमानिकांच्या सुरक्षेसाठी जो लढा दिला तो महाराष्ट्रात बहुतेकांना आठवत असेल. या अपघातांच्या कारणांत एक मोठं कारण शिकवण्याच्या क्रमातलं होतं. पोरं संथ किरण विमानावर शिकायची आणि तिथून एकदम या ३०० किलोमीटरने उतरणाऱ्या विमानात बसायची. मधली पायरी हवी, अशी शिफारस १९८२मध्ये झाली होती. हॉक या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचा करार झाला २००४ला, ते हवाई दलात आलं २००८ला. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

मी टाउनशिपची मुलगी असून शवपेटी या शब्दावर कधी बाबांशी बोलले नव्हते. त्या रात्री स्वयंपाकघरात विचारलं. तुम्हाला राग येतो का त्या नावाचा?

‘राग कसा येईल?’ म्हणाले. ‘ज्यांची पोरं गेली त्यांना मी काय सांगू, आमचे रिव्हेट बरोबर होते म्हणून?’

थोडं थांबून म्हणाले, ‘त्याला सांग, पडल्यावर हसू नको.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच वर गेले. नातू ब्रश करत होता. ‘काल पडलं तेव्हा थ्रॉटल कितीवर होता?’

‘आयडल, मे बी?’

‘फ्लॅप पूर्ण खाली?’

‘हो.’

मग बाबांनी त्याच्या शाळेच्या वहीत पेन्सिलने पंखाची आकृती काढली. या विमानाचे पंख लहान, त्रिकोणी. हळू उडायला ते पुरत नाहीत. म्हणून फ्लॅप पूर्ण खाली केले की इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम हवा पाइपातून पंखात येते आणि एका फटीतून फ्लॅपवर फुंकली जाते. त्या फुंकरीमुळे पंख हवेला धरून राहतो. ‘हे बघ, इथून इथपर्यंत. हे पाइप मी बसवलेत. बारा वर्षं हेच केलं.’

उडवायचं कसं ते बाबांना येत नव्हतं. त्यांना पाइप येत होता. बाकीचं ईशाननेच जोडलं: ‘म्हणजे मी इंजिन कट केलं तर फुंकर स्टॉप. अँड देन द विंग लेट्स गो.’ मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असणार, पण मॅन्युअल वाचायला पंधराव्या वर्षी कोणाला वेळ असतो! त्या दिवशी त्याने चाकं टेकेपर्यंत इंजिनाला हात लावला नाही. विमान दणकन बसलं, पण बसलं. मागचं पॅराशूट उघडलं. बाबांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, ‘टायर गेले असतील’ म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. विमान पडलं की लगेच पुन्हा सुरू करायचं नाही. आधी वहीत अपघाताचा कागद लिहायचा, काय झालं आणि का झालं. आणि मराठीत, कारण आजोबा इंग्रजी कागदावर सही करत नाहीत म्हणाले. गेली सहा वर्षं मी या मुलाला रविवारच्या मराठी शाळेत पाठवतेय, चार ओळी लिहून घ्यायच्या म्हणजे मला घाम फुटतो. आणि इथे हा न सांगता लिहीत होता. नमुने देते, व्याकरणासकट:

‘क्रमांक ४. मी घाई केली. विमान पण घाई केली.’

‘क्रमांक ९. ब्रेकची हवा संपला. मी गवतात गेलो.’

‘क्रमांक १५. इंधनचा काटा मी खोटा लावला होता. तो शेवटपर्यंत खोटे बोलला.’

बाबा चष्मा लावून वाचायचे, ‘संपला’ला खोडून ‘संपली’ करायचे आणि खाली सही. मगच पुढचं उड्डाण.

२६ सप्टेंबरला मिग-२१ला चंडीगडला निरोप दिला, जिथे ती ६२ वर्षांपूर्वी आली होती तिथेच. इथे सकाळची वेळ होती, ईशानने शाळेला उशीर केला आणि मीही काही बोलले नाही. शेवटची विमानं होती बायसन, म्हणजे बिसचंच ओझरला नूतनीकरण केलेलं रूप. ती उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, इंजिनं बंद झाली. बाबा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. आधी वाटलं, सलाम करतात की काय. ते शेपटावरचा नंबर वाचायचा प्रयत्न करत होते. कॅमेरा पुढे सरकला.

‘नाही दिसला,’ म्हणाले आणि चहा मागितला.

पुढच्या शनिवारी त्यांना कॉसफर्डला नेलं, आमच्या घरापासून जवळच रॉयल एअर फोर्सचं म्युझियम आहे. शीतयुद्धाच्या दालनात एक मिग-२१ आहे, हंगेरीच्या हवाई दलातलं. ‘हे पीएफ,’ बाबा लांबूनच म्हणाले. ‘टाइप ७७ची बहीण. पाठीचा कणा बघ केवढा बारीक, बिसचा जाड असतो, त्यात इंधन.’ ईशान त्यांना उलट सांगत होता की मॉड्यूलमध्ये तो बरोबर जाड दाखवलाय. हात लावू नका अशी पाटी होती. बाबांनी हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले आणि पाऊण तास त्या विमानाभोवती फिरले.

एक गोष्ट मात्र ते ऐकत नव्हते. ईशान रोज म्हणायचा, आजोबा, तुम्ही फ्लाय करा ना. उत्तर ठरलेलं: ‘मी फिटर. चाकं जमिनीवर असेपर्यंत माझं काम.’ चाळीस वर्षांत ते शेकडो वेळा त्या खुर्चीत बसले होते, हँगरमध्ये, हातात पाना घेऊन. इंजिन चालू असताना, जमीन सुटल्यावर, एकदाही नाही. फिटरला कोण नेणार?

दिवाळी झाली. १७ ऑक्टोबरला ओझरहून नाशकात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, त्याचे व्हिडिओ बाबांच्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर दिवसभर येत होते. ‘आपण तिथे असतो तर गच्चीवरून दिसलं असतं,’ असं दोनदा म्हणाले, तेव्हाच मला कळलं की आता यांना परत जायचंय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलं.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्यावर ते आपणहून वर गेले. ईशानने त्यांना व्हीआर हेडसेट घातला. त्यात स्क्रीन नसतो, तुम्ही थेट कॉकपिटच्या आत बसलेले असता. नावं इंग्रजीत केली, विमानावर भारतीय हवाई दलाचा तिरंगी गोल लावला. बाबांनी उजवा हात उचलला आणि आमच्या बॉक्सरूमच्या हवेत, जिथे काहीच नव्हतं तिथे, बॅटरीच्या खटक्याच्या जागी बरोबर नेला. मग इन्व्हर्टर. मग पंप, तिन्ही. ईशान माउसने त्यांच्या बोटामागोमाग खटके दाबत गेला.

उड्डाण ईशानने केलं, कुताइसीहून. वर गेल्यावर स्टिक आजोबांच्या हातात दिली. तिबिलिसीकडे चला म्हणाला, कारण दोन आसनांची मिग-२१ तिथल्या कारखान्यात बनायची हे आजोबांनीच त्याला सांगितलं होतं. डावीकडे कॉकेशसचा बर्फ, खाली शेतं, नदी, खेळण्यातल्यासारखी गावं. मी दारात उभी होते. बाबांची मान उजवीकडे वाकली, मग आणखी वाकली. स्टिकही त्याबरोबर थोडी थोडी वाकत होती. ईशानने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, राहू दे.

एका डोंगराने आमचं उड्डाण संपवलं.

बाबांनी हेडसेट काढला, डोळे पुसले, घामाने चष्म्यावर वाफ धरली होती. ईशान पुन्हा सुरू करायला बटणाकडे हात नेत होता, तर म्हणाले, ‘थांब. वही दे.’

आज सकाळी खोली आवरताना मी ती उघडली. शेवटचा कागद त्यांच्या अक्षरात आहे, सरळ, कारखान्यातल्या कागदावर लिहावा तसा.

‘क्रमांक ३८. विमान: मिग-२१ बिस. वैमानिक: आजोबा. विमानात दोष नाही. कारण: खाली बघत राहिलो.’